तुंजा नदीकाठचा दारुश्शिफा

उमरा आटोपून परतताना आमच्या काफिल्याचा इस्तंबूलमध्ये चार दिवस मुक्काम होता. हल्ली बरेच टूरवाले असा जोडकार्यक्रम ठेवतात. पहिल्या दोन दिवसांत आया सोफिया, सुलतान अहमद मशीद, हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांचा मजार असे सर्व पाहून झाले. तिसरा दिवस खरेदीसाठी मोकळा होता. काफिल्यातल्या बायका बाजाराकडे वळल्या आणि मी व माझे पती भल्या सकाळी बसस्थानकावर पोहोचलो. आम्हाला एदिर्नेला जायचे होते.

एदिर्ने हे तुर्कस्तानच्या वायव्य टोकाचे शहर. ग्रीस आणि बल्गेरिया या दोन्ही देशांच्या सरहद्दी इथून अगदी जवळ आहेत. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकण्यापूर्वी उस्मानी सुलतानांची राजधानी इथेच होती. इस्तंबूलहून अंतर सुमारे २४० किलोमीटर, बसने अडीच-तीन तास. बाहेरचे लोक इथे येतात ते मिमार सिनान यांनी बांधलेली सेलिमिये मशीद पाहायला. आम्ही निघालो होतो ते एक जुने इस्पितळ पाहायला. सुलतान बायझीद दुसरे यांनी १४८४ मध्ये तुंजा नदीच्या काठी एका संकुलाची पायाभरणी केली आणि १४८८ मध्ये ते बांधून पूर्ण झाले. मशीद, वैद्यकशाळा, लंगरखाना आणि दारुश्शिफा, म्हणजे शिफाखाना, असे सर्व एकाच आवारात. या दारुश्शिफात मनाने आजारी असलेल्यांवर पाण्याचा आवाज, सुगंध आणि संगीत यांच्या साह्याने उपचार होत, असे मी दोन वर्षांपूर्वी वाचले होते. तेव्हापासून हे ठिकाण डोक्यात घर करून बसले होते.

त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी मला बायपोलर हा मनाचा आजार असल्याचे निदान झाले. या आजारात मन कधी आठवडेच्या आठवडे उधाणलेले असते. झोप नको, भूक नको, तोंडाची टकळी थांबत नाही, हातात पैसा टिकत नाही. आणि कधी ते असे खाली बसते की पलंगावरून उठून पेलाभर पाणी आणणेही डोंगराएवढे वाटते. मी कोकणातली, पेशाने शिक्षिका. आमच्याकडे कुणाचे मन बिघडले की लोक सहज म्हणून जातात, 'याला रत्नागिरीला पाठवा.' पुण्याकडे येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणे. जिथे सरकारी मनोरुग्णालय आहे, त्या गावाचे नावच आपण शिवीसारखे वापरतो. निदान कळले तेव्हा मला आजारापेक्षा त्या एका वाक्याची धास्ती जास्त वाटली होती. अम्मींनी त्या संध्याकाळी आयतुल कुर्सी पढून माझ्यावर दम केला आणि लगेच चष्मा लावून गोळ्यांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या भरल्या. दम आणि दवा यांत त्यांनी कधी भांडण लावले नाही, हे माझे नशीब. सगळ्यांच्या घरी असे होत नाही.

माझे मुख्य औषध लिथियम. १४८८ मध्ये ते नव्हते. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये या आजारावर त्याचा गुण दाखवून दिला. औषध चांगले, पण मोठे काटेकोर. रक्तातले त्याचे प्रमाण कमी झाले तर उपयोग नाही, वाढले तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचे, पाणी भरपूर प्यायचे, जेवणातले मीठ एकदम तोडायचे नाही. आयबुप्रोफेनसारखी अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, कारण तिने लिथियमचे प्रमाण वाढते. रोज्याचे तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवायचेच नाही. उमराला निघण्यापूर्वी मी रक्ततपासणी करून घेतली होती. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: उन्हात पाणी कमी पडू देऊ नका आणि झोप मोडू देऊ नका. लिथियमने मुळातच तहान फार लागते. मक्केत जमजम पिताना मी मनात म्हटले, डॉक्टरांचा हा हुकूम तरी आनंदाने पाळता येईल.

झोपेचा हुकूम अवघड होता. हरममध्ये रात्र जागून काढण्याची तमन्ना घेऊनच माणूस तिथे येतो. पण या आजारात सलग दोन-तीन रात्रींचे जागरण मनाला उधाण आणायला पुरेसे होते. त्यामुळे इशाची नमाज झाली की मी हॉटेलवर परतत असे. काफिल्यातल्या एक वयस्कर खाला तिसऱ्या रात्री म्हणाल्या, "बेटा, अल्लाहच्या घरी आलीस आणि झोपायला चाललीस?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, माया होती. म्हणूनच ते जास्त लागले. मी "तब्येत बरी नसते" एवढेच म्हणाले. गुडघ्याचे दुखणे असते तर नावासकट सांगितले असते.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती बाहेरून कुणाला दिसत नाही. पहिल्यांदा काबा नजरेस पडला तेव्हा मी हुंदके देऊन रडले. आजूबाजूला सगळेच रडत होते. पण अश्रू पुसता पुसता मनात आले, हा आनंद खरा आहे ना? की हा आजाराचा पहिला पायरव? ज्याला हा आजार आहे त्याला आपल्या आनंदाचीही चौकशी करावी लागते. दुःख झाले तर भीती, फार बरे वाटले तर त्याहून मोठी भीती. यांची नजरही त्या वेळी माझ्या चेहऱ्यावरच होती, काब्याकडे नव्हती. ते मला दिसले होते.

औषध दिवसातून दोन वेळा घ्यायचे. त्याला दोन मिनिटे लागतात. उरलेला दिवस कसा काढायचा, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. एदिर्नेला जाऊन मला पाहायचे होते ते हेच. लिथियम नव्हते तेव्हा तिथले हकीम रुग्णांचा दिवस कशाने भरत होते?

बसचा प्रवास सुखाचा झाला. इथल्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये एक पोऱ्या असतो, तो चहा-कॉफी आणि केक वाटत फिरतो. लिथियमने माझा हात किंचित थरथरतो, त्यामुळे कागदी पेल्यातला चहा मी नेहमी अर्धाच मागते. बाहेर नोव्हेंबरची नांगरलेली शेते, सूर्यफुलांचे वाळके बुंधे आणि सपाट माळ. मक्केच्या उन्हातून आलेल्या आम्हाला इथली थंडी चांगलीच बोचत होती.

शहरात उतरल्यावर आधी एस्की जामी पाहिली. ही १४१४ मध्ये पूर्ण झालेली जुनी मशीद. भिंतींवर पुरुषभर उंचीची काळी अक्षरे आहेत, 'अल्लाह' आणि 'मुहम्मद' (स.) ही नावे लांबूनही वाचता येतात. सेलिमियेत डागडुजीचे काम चालू होते, आत मचाणे उभी होती. त्या घुमटाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. नमाज अदा करून आम्ही छोट्या बसने नदीकडे निघालो. तुंजा ओलांडली की शहराचा गलबला एकदम मागे पडतो. काठाला वेळू आणि झाडे, त्यामागे राखाडी-शुभ्र घुमटांची रांगच रांग. लहान-मोठे इतके घुमट की पहिल्या नजरेत मशीद कुठली आणि इस्पितळ कुठले ते समजत नाही. मला ते आवडले. इस्पितळ गावाबाहेर कुठेतरी उंच भिंतीआड टाकलेले नाही. मशिदीच्या शेजारीच त्याची जागा आहे. अजान झाली की आतल्या रुग्णालाही ती तितकीच ऐकू येत असणार.

दारुश्शिफाचे तीन भाग आहेत. पहिल्या अंगणाच्या कडेला बाहेरून येणाऱ्या रुग्णांच्या खोल्या, स्वयंपाकघर, धोबीखाना. त्यानंतरचे अंगण लहान, तिथे औषधे आणि इतर सामानाच्या खोल्या. त्यापलीकडे मुख्य इमारत, षट्कोनी. मधोमध मोठा घुमट, घुमटाच्या डोक्यावर झरोका, आणि बरोबर त्याच्या खाली कारंजे. कारंज्याभोवती गोलाकार खोल्या आणि मधूनमधून पुढच्या बाजूने उघडे असे मोठे कोनाडे. हिवाळ्यात बंद खोल्या, उन्हाळ्यात उघडे कोनाडे, अशी सोय होती म्हणतात. एका बाजूला वादकांसाठी उंच ओटा. कुठल्याही खोलीत बसा, कारंज्याचा आवाज पोहोचतो. आणि मधे उभा असलेला एकच माणूस सर्व खोल्यांवर लक्ष ठेवू शकतो. ही दुसरी गोष्ट ज्याने घरात असा रुग्ण सांभाळला आहे त्यालाच कळेल.

सतराव्या शतकाच्या मध्यास एवलिया चेलेबी हे प्रसिद्ध प्रवासी इथे आले होते. त्यांनी आपल्या सफरनाम्यात या जागेचे तपशीलवार वर्णन केले आहे. वक्फातून पगार मिळणारे दहा गायक-वादक होते आणि ते आठवड्यातून तीन वेळा रुग्णांसमोर गात-वाजवत. बासरीसारखी नेय, संतूर, ऊद अशी वाद्ये होती. कोणता मकाम कुणाला मानवतो याचा विचार होई. मकाम म्हणजे आपल्याकडच्या रागासारखा प्रकार. वसंतात रुग्णांच्या हाती सुवासिक फुले देत. कुणाला कोणते जेवण द्यायचे हे हकीम ठरवत, आणि तितरासारख्या पक्ष्यांचे मांसही शिजवून देत. आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या गरजूंना फुकट औषधे वाटली जात. संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथे काढत नाही. मला त्यातले 'आठवड्यातून तीन वेळा' हे शब्द महत्त्वाचे वाटले. म्हणजे रुग्णाला सोमवारी माहीत असायचे की आता बुधवारी काहीतरी आहे. मन खाली बसलेले असते तेव्हा माणसाला उद्या नावाची गोष्टच दिसत नाही. त्या पाच महिन्यांत माझा पूर्ण आठवडा एका गोष्टीवर तरला होता: दर जुम्याला माझी धाकटी बहीण येऊन माझ्या केसांना तेल लावायची. ती फारसे बोलत नसे. पण तिची वाट पाहता येत असे.

एवलियांनी आणखीही एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपल्या गौरवाच्या लेखांत सहसा येत नाही. प्रेमाने वेडे झालेल्यांना साखळदंडांनी बांधलेले असे, आणि शहरातली तरुण मंडळी त्यांना पाहायला येत. एवलियांना अतिशयोक्तीचा शौक होता हे खरे, पण हा तपशील त्यांनी रचला असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे अशा जागांविषयी बोलताना 'त्या काळी युरोपात मात्र वेड्यांचे काय हाल होते' हे वाक्य ठरलेले असते. मी ते लिहिणार नाही. इथे फुलेही होती आणि साखळ्याही होत्या. साखळ्या तर आपण अजून पुरत्या सोडलेल्या नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी इथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण मरण पावले. बहुतेकांना साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे पळता आले नाही. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

आज ही इमारत म्हणजे आरोग्याचे संग्रहालय आहे. १८७७-७८ च्या रशिया-तुर्क युद्धानंतर इथली रया गेली होती. पुढे त्राकिया विद्यापीठाने ती ताब्यात घेऊन दुरुस्त केली, १९९७ मध्ये संग्रहालय उघडले आणि २००४ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. खोल्याखोल्यांत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवले आहेत: नाडी पाहणारे हकीम, औषध कुटणारा सेवक, वाद्ये घेतलेले वादक, आणि रुग्ण. एका कोनाड्यात एक तरुण मान खाली घालून बसला आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. बसण्याची ती ढब मला ओळखीची होती. खांदे असे पडतात जणू कुणी आतले टाके उसवले आहेत. तेवढ्यात शाळेची सहल आली. एका मुलाने त्याच्या शेजारी बसून तशीच मान टाकली, मित्रांनी फोटो काढला, सगळे हसले. पोरेच ती. तरी मला एवलियांनी लिहिलेली ती तमाशबीन तरुण मंडळी आठवली. बाईंनी काहीतरी म्हटले, पोरे गप्प झाली. त्यांतली एक मुलगी मात्र मागे राहिली आणि तिने पुतळ्याच्या चेहऱ्याकडे वाकून खालून पाहिले. मान खाली घातलेल्याकडे असेच पाहावे लागते.

फलक वाचताना एक गंमत ध्यानात आली. तुर्कीत रुग्णाला 'हस्ता' म्हणतात आणि इस्पितळाला 'हस्ताने'. मूळ फारसी 'खस्ता', म्हणजे घायाळ, थकलेला. आपण मराठीत 'खस्ता खाल्ल्या' म्हणतो तो शब्द हाच. आणि मनोरुग्णांच्या इस्पितळाला जुना तुर्की शब्द 'तिमारहाने'. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना 'तीमारदारी' माहीत असेल, आजाऱ्याची सेवा-शुश्रूषा. म्हणजे या शब्दात वेडेपणाचा उल्लेखच नाही, सेवेचा आहे. पुढे तुर्कीतही तो शब्द हेटाळणीचा झाला असे म्हणतात. शब्दांचे हेच होते, रत्नागिरीसारखे.

वैद्यकशाळा दारुश्शिफाला लागूनच आहे. विद्यार्थी इकडे शिकायचे आणि तिकडे जाऊन रुग्ण पाहायचे. तिथल्या एका खोलीत मला अबू जैद अल-बल्खी यांची आठवण झाली. हे या इमारतीच्या कितीतरी आधीचे, नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान. शरीर आणि मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर त्यांचा ग्रंथ आहे. काही उदासीनतेला कारण दिसते आणि काही उदासीनता कारणाशिवाय येते, असा भेद त्यांनी तेव्हाच केला होता. 'तुला काय कमी आहे, कशाला रडतेस?' असे ज्याला विचारले गेले आहे त्याला या भेदाची किंमत कळेल. त्यांचा दुसरा सल्ला मी प्रत्यक्ष वापरते. शहाणा माणूस तब्येत चांगली असतानाच घरात थोडी औषधे भरून ठेवतो, तसेच मन ठीक असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे आजारात ते हाताशी येतात, असे ते सांगतात. मी एक वही केली आहे. बऱ्या दिवसांत मीच माझ्यासाठी त्यात लिहिते: मागच्या वेळी हे किती आठवड्यांनी उतरले, कोणत्या गोळीने पहिले पंधरा दिवस मळमळ झाली आणि मग थांबली, कोणाला रात्री अकरा वाजताही फोन करता येतो. वाईट दिवसांत दुसऱ्याचे सांगणे खोटे वाटते. स्वतःच्या अक्षरावर थोडा तरी विश्वास बसतो. वहीच्या आतल्या पानावर १४४१६ हा क्रमांक आहे, सरकारच्या टेलिमानस सेवेचा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. उमराच्या सामानात ती वही होती आणि तिच्यात सूरह यूसुफचा उल्लेखही होता. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्राच्या दुःखाने पांढरे झाले, हे कुरआनातच आले आहे. दुःख आणि आजार एक नव्हेत, पण मन मोडले म्हणजे ईमान कमी पडले असे म्हणणाऱ्यांनी नबींच्या त्या डोळ्यांचा विचार करावा.

परत मुख्य घुमटाखाली आलो तेव्हा शाळेची मुले गेली होती. ध्वनिमुद्रित नेय मंद वाजत होती आणि पाण्याचा आवाज होता. आम्ही भिंतीला टेकून बसलो. वरच्या झरोक्यातून पडलेला उजेड हळूहळू सरकत होता. इथे काही चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. पाण्याच्या आवाजाने माझा आजार जाणार नाही. पण पाऊण तास असा गेला की मी आनंदी आहे की उदास, हे एकदाही तपासले नाही. चार वर्षांत असा पाऊण तास क्वचितच मिळाला असेल.

मग हे म्हणाले, "बरीच गप्प आहेस. बरं वाटतंय ना?"

मी म्हटले, "काल बोलत होते तेव्हा म्हणालात, फार बोलतेस. आज गप्प आहे तर ही काळजी."

ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मी रोज रात्री तू झोपल्यावर तुझा गोळ्यांचा डबा उघडून बघतो. तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"राग येत नाही?"

"येतो."

पाणी पडत राहिले. मला खरोखरच राग येतो. पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईच्या गोळ्या कुणीतरी मोजतो, याचा राग. त्यांचीही बाजू मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मी नऊ रात्री झोपले नव्हते तेव्हा तेही झोपले नव्हते, आणि त्यांना कुणी गोळी दिली नव्हती. तीमारदाराच्या मनाचे काय होते, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. त्याने थकायचे नसते, चिडायचे नसते, आणि कुणाला सांगायचेही नसते. ते म्हणाले, "डबा उघडतो तेव्हा मला तुझी भीती वाटत नाही. त्या नऊ रात्रींची वाटते."

आम्ही तिथेच बसून एक साधी गोष्ट ठरवली. डबा कपाटात ठेवायचा नाही. जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवायचा. मी गोळी जेवतानाच सर्वांसमोर घेईन आणि त्यांनी मागाहून मोजायचे नाही. आणि लागोपाठ दोन रात्री झोप बिघडली तर मी स्वतः सांगेन, त्यांनी ताडण्याची वाट पाहणार नाही. घरी आल्यापासून तसे चालले आहे. पहिल्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा यांचा हात सवयीने डब्याकडे गेला, लपवायला. मी पाहिले. त्यांनी हात मागे घेतला आणि मीठ पुढे केले.

एदिर्नेला जाणाऱ्यांनी तिथली तळलेली कलेजी खाल्ल्याशिवाय येऊ नये. 'जियेर' म्हणतात, म्हणजे आपले जिगर. कागदासारखे पातळ काप करून कडक तळतात आणि सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या देतात. आमच्या कोकणी जिभेलाही त्या मिरच्या झोंबल्या. सायंकाळ झाली होती, परतीच्या बसला तास होता, म्हणून जेवण उरकून मी तिथेच रात्रीची गोळी काढली. पाणी आणून ठेवणाऱ्या बाईंनी गोळी पाहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "गेच्मिश ओल्सुन." आजारी माणसाला तुर्की लोक हे म्हणतात: हे सरून जावो. पडसे असो की मोठे दुखणे, शब्द तेच. कसली गोळी, किती दिवस, का, असे काहीच विचारायचे नसते. त्यांना माझा आजार सरणारा नाही, सांभाळायचा आहे, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. मी "आमीन" म्हटले.

बाजारात फळांच्या आकाराचे साबण मिळतात, ही एदिर्नेची जुनी खासियत. सफरचंद, पीच, लिंबू, हुबेहूब. काफिल्यातल्या खालांसाठी सफरचंद घेतले आणि त्या रात्री देताना माझ्या आजाराचे नाव सांगितले. त्यांनी नाव दोनदा म्हणून घेतले, आणि मग आपल्या धाकट्या भावाविषयी बोलू लागल्या. रात्री बारापर्यंत बोलत होत्या. शेवटी त्यांनीच घड्याळ पाहिले आणि मला झोपायला पिटाळले.

लिंबू डॉक्टरांसाठी घेतले होते. महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते उचलून नाकाशी नेले, साबण आहे हे कळल्यावर हसले, आणि नेहमीप्रमाणे पेन उघडत विचारले, "झोप कशी आहे?"